ओसरी नसलेली विद्यापीठे

‘विद्यापीठ म्हणजे सार्वजनिक बाग नव्हे.’ हे वाक्य अलीकडे इतक्या तोंडांनी आणि इतक्या खात्रीने बोलले जाते की त्याला सिद्धान्ताचा मान मिळाला आहे. कुलसचिव ते बोलतात, सुरक्षा एजन्सीचा सुपरवायझर बोलतो, वसतिगृहात मुलगी ठेवलेला बापही बोलतो. वाक्य खोटे नाही. पण त्याच्या शेपटाला बांधून जो निष्कर्ष आणला जातो, की ज्याच्या गळ्यात ओळखपत्र नाही त्याने विद्यापीठाच्या इमारतीत पाऊलच टाकू नये, तो त्या वाक्यातून निघत नाही. न्यायालय तरी कुठे सार्वजनिक बाग आहे? तरीही ज्याचा दावा नाही, ज्याचा वकील नाही, असा माणूस चालू खटला ऐकायला मागच्या बाकावर बसू शकतो, आणि न्याय उघड्यावर व्हावा म्हणून त्याने तिथे असणे इष्टच मानले जाते. न्यायदानाला जो परका माणूस चालतो तो ज्ञानदानाला का चालू नये, याचे उत्तर बंद गेटांच्या कैवाऱ्यांनी आधी द्यावे.

मी हे मुळशी तालुक्यातल्या माले गावातून लिहितो आहे. पुण्याहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धरणाच्या अलीकडे आमचे गाव. इथून शहराकडे निघाले की पौड लागते, मग पिरंगुट, आणि तिथून लवळ्याचा फाटा फुटतो. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस आहे, त्याच परिसरात फ्लेम विद्यापीठ आहे. पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर 1997 पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला लवासात ख्राइस्ट विद्यापीठाचे संकुल आहे. बारावीनंतर शिकायचे तर पुण्यात कॉट बेसिसवर खोली शोधणारी पिढी आमच्या घराघरांत आहे. त्याच तालुक्यात आज देशोदेशीची मुले शिकायला येतात. याचा मला आनंदच आहे. पुढे ज्या गेटाविषयी लिहितो आहे ते यांपैकी कोणा एकाचे नव्हे. ते महाराष्ट्रात सरकारी, अनुदानित, खासगी, अभिमत अशा सगळ्या जातींच्या संस्थांना सारखेच बसवलेले असते.

त्या गेटवर एक वही असते. लांबट, जाड पुठ्ठ्याची, सुतळीने बांधलेल्या पेनची. तिचे रकाने असे: नाव, कुठून आलात, मोबाइल नंबर, गाडी नंबर, कोणाला भेटायचे, आत जाण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ, सही. काही ठिकाणी वहीच्या जागी क्यूआर कोड आला, रकाने तेच राहिले. सगळी गोम ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात आहे. ज्याला ग्रंथालयातले एक पुस्तक चाळायचे आहे किंवा संध्याकाळचे व्याख्यान ऐकायचे आहे, त्याने तिथे काय लिहावे? त्याला कोणालाच भेटायचे नसते. टेबलामागचे मामा वाईट नसतात. बहुधा आमच्याच खोऱ्यातल्या एखाद्या वाडीचे असतात, एजन्सीच्या बारा तासांच्या ड्यूटीवर. ‘दादा, माझं काय नाय बघा. आतून फोन आला की सोडतो. नायतर सायेब मलाच बोलत्यात.’ आता आतून फोन यायचा तर आत आपले कोणीतरी हवे. म्हणजे धोका ओळखण्यासाठी केलेला नियम प्रत्यक्षात वशिला ओळखतो. लाल-निळ्या दिव्याच्या गाडीने त्या वहीसाठी काच खाली केल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

आता याच्या उलट पाहा. दर हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे खेड्यापाड्यांत भरतात. ही योजना 1969 सालची, गांधीजींच्या जन्मशताब्दीतली. गाव शाळेच्या खोल्या देते, देवळाचा सभामंडप देते, पाणी देते. मुले बंधारा घालतात, गटारे उपसतात, रात्री पथनाट्य करतात. त्यात थट्टा करण्यासारखे काही नाही, चांगले काम असते. मग एक दिवस सर्वेक्षणाचा येतो. पोरेपोरी छापील फॉर्म घेऊन दारोदार जातात. घरात माणसे किती, शौचालय आहे का, कर्ज कोणाचे, दारू कोण पिते, मुलगी कितव्या वर्षी उजवली. बाई भाकरी थापता थापता सगळे सांगते, वर चहा टाकते. तुम्हाला कोणाला भेटायचे आहे, असे ती विचारत नाही. त्या फॉर्मांचा पुढे प्रकल्प अहवाल होतो, एखाद्याचा शोधनिबंध होतो, निबंधावर ‘ग्रामीण जीवन : समस्या आणि उपाय’ अशा नावाचे चर्चासत्र होते. आणि जिच्या घरातली ही समस्या, ती बाई त्या चर्चासत्राला गेली तर वहीपाशी थांबते. गावाचा उंबरा विद्यापीठाला रात्रंदिवस मोकळा आणि विद्यापीठाचा उंबरा गावाला बंद, हा एकेरी व्यवहार आहे, आणि त्याला कोणी सुरक्षा म्हणत असेल तर तो शब्द फार स्वस्त झाला.

आमच्या खोऱ्याला याची आणखी एक बाजू आहे. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाखाली मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे जाणार होती. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव त्यात उतरले, मावळे तुरुंगात गेले, बायका अंगावर उकळते पाणी पडले तरी जागेवरून हलल्या नाहीत असे आमच्याकडे अजून सांगतात. शेवटी धरण झाले. भुस्कुट्यांनी त्याची हकीकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली. पुढे पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातले राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक 2009 मध्ये आले. म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो लढा दिला, त्यांना आपलाच इतिहास वाचायचा तर तो विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नीट लावून ठेवलेला आहे. गावातले सार्वजनिक ग्रंथालय बहुधा ‘ड’ वर्गातले. तिथे कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शके असतात. पणजीचा इतिहास गेटच्या आत आणि पणतू बाहेर.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात पुरुषार्थ नाही. बंद गेटांच्या बाजूने चार गोष्टी बोलल्या जातात. पहिली सुरक्षा, आणि तिला पुण्यातलाच दाखला आहे: 5 जानेवारी 2004 ला भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत जमाव घुसला, त्याने कपाटे पाडली, हस्तलिखिते आणि ग्रंथ विस्कटले. जिथे असे घडू शकते तिथे दार उघडे ठेवा म्हणणारा बेजबाबदार ठरतो. दुसरी गोष्ट अपुऱ्या जागेची. पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांचा एवढा लोंढा आहे की अभ्यासिकेचे दार मोकळे सोडले तर ज्याने शुल्क भरले त्या विद्यार्थ्यालाच खुर्ची उरणार नाही. तिसरी गोष्ट मालकीची: खासगी पैशातून उभी राहिलेली इमारत, तिचे दार कोणाला उघडायचे ते मालक ठरवील. चौथी शांततेची. आणि या सगळ्यांवर सरकारी शिक्का आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 मध्ये विद्यार्थी-सुरक्षेची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सहज चढता येणार नाही अशी भिंत, तिच्यावर काटेरी तारांची वेटोळी, प्रवेशद्वारे मोजकी आणि त्यांवर पहारेकरी, असे सगळे सुचवलेले आहे. वाचताना मला येरवड्याचा तुरुंग आठवला. पण कागद आहे, तो नाकारता येणार नाही.

शांततेचा मुद्दा एका वाक्यात संपतो. शांतता नियमाने राखली जाते, ग्रंथालयात बोलणाऱ्याला बाहेर काढता येते, मग तो विद्यार्थी असो वा परका. जगातली सगळी सार्वजनिक वाचनालये याच नियमावर चालतात.

सुरक्षेचा मुद्दा मात्र जड आहे. भांडारकर संस्थेवर जे झाले ते लाजिरवाणेच. पण शे-दीडशेचा जमाव वहीत नाव लिहून येत नाही, आणि त्याला दोन पहारेकरी अडवूही शकत नाहीत. जमाव पोलिसांनी आणि वेळीच मिळालेल्या खबरीने अडतो. वहीने अडतो तो एकटा, निःशस्त्र, सभ्य माणूस, जो ‘नाही’ म्हटले की परत जातो. म्हणजे ज्याच्यापासून भय आहे त्याच्यावर उपाय लागू होत नाही आणि ज्याच्यावर लागू होतो त्याच्यापासून भय नाही. दुसरे असे की बंद खोलीविषयी वाटेल ते सांगता येते. ‘आत काय चालते कोणास ठाऊक’ हे वाक्य ज्या संस्थेविषयी बोलता येते, तिच्याविरुद्ध जमाव गोळा करणे सोपे जाते. शाळेत असताना जिथे जाऊन हस्तलिखिते पाहिली, त्या जागेविषयी माणूस इतक्या सहज भडकत नाही. मी हल्लेखोरांचे समर्थन करत नाही. तटबंदीने प्रश्न सुटतो या समजुतीवर माझा आक्षेप आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने 2024 मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर फाटके लावून घेतली. त्या संकुलाच्या मधून जाणारी वाट मुळात शहराचा 116 वा रस्ता. 1953 मध्ये शहराने तो तुकडा विद्यापीठाला दिला, तो पादचाऱ्यांचे जाणे-येणे चालू राहील या समजुतीने. तंबू ठोकले मुख्यतः विद्यार्थ्यांनी आणि वाट बंद झाली शेजारपाजारच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची. बाहेरच्याला अडवणे सोपे असते म्हणून आतल्या भांडणाचे खापर त्याच्यावर फुटते. न्यूयॉर्क काय आणि पुणे काय.

आणि विद्यार्थ्याला इजा खरोखर कोणाकडून होते? महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा 1999 मध्ये केला, अनुदान आयोगाने 2009 मध्ये नियम केले. रॅगिंग करणारा गेटवरून उडी मारून येत नाही, त्याच्या गळ्यात ओळखपत्र असते. 2019 मध्ये मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या आदिवासी डॉक्टर तरुणीने आत्महत्या केली तेव्हा आरोप झाले ते वरिष्ठ सहकाऱ्यांवर. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती सक्तीची केली, तिच्या नावातच ‘अंतर्गत’ आहे. ज्या आयोगाने 2015 मध्ये काटेरी तार सुचवली, त्याच आयोगाच्या 2015 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक नियमांत असेही आहे की सुरक्षेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना भेदभावाचे नियम लावू नयेत. हे कलम किती वसतिगृहांच्या सूचनाफलकावर आहे? मुलगा रात्री अकराला प्रयोगशाळेत बसू शकतो आणि त्याच वर्गातली मुलगी साडेआठला रजिस्टरवर सही करायला धावते, तेव्हा एकाच इमारतीच्या दोन इमारती होतात. दोघांनी शुल्क सारखेच भरलेले असते, हे मालकीच्या मुद्द्याकडे वळण्याआधी लक्षात ठेवावे.

मालकीचा मुद्दा सगळ्यांत रुबाबदार. ‘प्रायव्हेट प्रॉपर्टी’ अशी पाटी असली की आम्ही मुळशीकर दोन पावले मागे सरतो, कारण या खोऱ्याला त्या पाटीची सवय शंभर वर्षांची आहे. 1920 च्या दशकात इथली भातखाचरे भूसंपादन कायद्याने घेतली गेली, ती एका खासगी कंपनीसाठी आणि सार्वजनिक हिताच्या नावाने. पुढे धरणाच्या भिंतीकडे जायचे म्हटले की ‘प्रवेश निषिद्ध’. आजच्या शिक्षणसंकुलांच्या जमिनी तशा घेतल्या असा माझा दावा नाही. इथल्या बहुतेक जमिनी लोकांनी स्वतःच सह्या करून विकल्या, आणि त्या पैशांचे काय झाले ते प्रवीण तरडे यांनी 2018 मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटात दाखवले आहेच. पण जमीन विकत घेतल्याने बंगला होतो, विद्यापीठ होत नाही. विद्यापीठ व्हायला विधिमंडळाचा कायदा लागतो किंवा केंद्राने अभिमत दर्जा द्यावा लागतो. फ्लेम 2014 च्या कायद्याने विद्यापीठ झाले, तशीच बाकीची खासगी विद्यापीठेही विधिमंडळाच्या कायद्यानेच झाली. पदवी देण्याचा अधिकार हा जनतेच्या प्रतिनिधींनी दिलेला अधिकार आहे. संस्था नफ्यासाठी चालवायची नाही या अटीवर तिला आयकरातून सूट मिळते. घेताना सार्वजनिक आणि दार उघडताना खासगी, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

या बाबतीत मला सीताराम केशव बोले यांचा ठराव फार मोलाचा वाटतो. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदेमंडळाने तो मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले, तसेच सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या मंडळांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. यातले ‘कायद्याने निर्माण झालेल्या’ हे माप पाहा. पैसा कोणाचा, एवढ्यावर बोले थांबले नाहीत. अधिकार कुठून आला, हेही त्यांनी विचारले. महाडच्या नगरपालिकेने त्या ठरावाला धरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि तरी प्रत्यक्ष पाणी प्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. अस्पृश्यतेचे दुःख आणि गेटवर अडकण्याची गैरसोय एका तराजूत घालण्याचा अडाणीपणा मी करणार नाही. तत्त्व तेवढे उचलतो: ज्याला लोकांनी अधिकार दिला, त्याने लोकांना का अडवले याचे कारण द्यायचे असते. त्याच्याही आधी, 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी हाच हिशेब मांडला होता, की महसूल रयतेच्या घामाचा आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या थरांचा.

बोलेंचा ठराव जुना वाटत असेल तर चालू कायदा घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ कशाला म्हणायचे त्याची व्याख्या आहे. इमारत सरकारी असो वा खासगी, लोक तिचा वापर करत असतील तर ती सार्वजनिक, आणि शिक्षणासाठी वापरली जाणारी इमारत तीत नाव घेऊन घातलेली आहे. जुन्या इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षे 2022 मध्ये सरली. आता आपल्या ओळखीची कोणतीही कॉलेजची इमारत डोळ्यांपुढे आणा. पुढे भव्य दगडी पायऱ्या, उद्घाटनाचे फोटो काढायला सोयीच्या. रॅम्प असलाच तर मागून, कँटीनच्या कचऱ्याच्या डब्यांजवळून. लिफ्टवर ‘फक्त प्राध्यापकांसाठी’. चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला कोणी वहीत सही करायला सांगितली नाही, कोणी ‘नाही’ म्हटले नाही. वास्तुविशारदाने त्याला नकाशातच नापास केले. बंदी नेहमी गेटवरच असते असे नाही. ती पायरीत असते, लिफ्टच्या पाटीत असते, विभागप्रमुखांच्या वातानुकूलित दालनाशेजारी बिनपंख्याच्या खोलीत दाटीवाटीने बसणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांत असते.

आणि प्रवेश मिळाला म्हणजे दार उघडले, असेही नाही. 1880 च्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत होत्या, तिथल्या पहिल्या विद्यार्थिनी. वर्गात येऊ देऊ नये म्हणून मुलगे त्यांच्या तोंडावर दार लावून घेत, अशी आठवण त्यांनी नोंदवली आहे. हजेरीपटावर नाव आणि तोंडावर दार, दोन्ही एकाच वेळी. डेक्कन कॉलेजचे मूळ 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात दक्षिणा फंडातून निघालेल्या पाठशाळेत आहे, आणि त्या पाठशाळेत सुरुवातीला फक्त ब्राह्मणांना घेत. पुण्यातल्या आधुनिक उच्च शिक्षणाची पहिली इमारत अशी निवडक माणसांसाठी उघडली. पुढची दोनशे वर्षे ते दार थोडे थोडे करून उघडण्यात गेली, आणि प्रत्येक वेळी ‘शिस्त बिघडेल’ ही तक्रार होतीच.

एवढे खंडन झाल्यावर कोणी विचारील, मग सगळे सताड उघडे टाकायचे का? नाही. परीक्षा विभाग बंद असावा. रसायनांचे भांडार, प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या खोल्या, सर्व्हर, दुर्मिळ हस्तलिखितांची तिजोरी, वसतिगृहांचे मजले, यांना कुलूप हवेच, आणि ते आतल्यांनाही हवे; कुलगुरूंच्या मेव्हण्यालाही. माझे म्हणणे इतकेच की कुलूप वस्तूला लावा, माणसाला नको. प्रत्येक खोलीला स्वतंत्रपणे विचारावे, तुला कुलूप कशासाठी? ज्या खोलीला उत्तर देता येईल तिला लावावे. आज उलटे आहे. एका गेटवर सगळ्या आवाराचा एकदम निकाल लागतो, आणि मोकळेपणाला अर्ज करावा लागतो.

आपल्या जुन्या घरांत ही समज होती. ओसरीवर वाटसरू टेकायचा, पाणी मागायचा. माजघरात नातलग यायचे, देवघरात आणि कोठीच्या खोलीत घरचेच. (ओसरीवर कोणाला बसवायचे आणि कोणाला अंगणातच थांबवायचे, याचेही दुष्ट नियम होते, हे ठाऊक असूनच लिहितो आहे; ते नियम गेले, ओसरी राहायला हवी होती.) आमच्या बहुतेक विद्यापीठांना कोठीची खोली आहे, ओसरी नाही.

पुणे विद्यापीठाचा जन्मच मुळी दार उघडण्यातून झाला. गणेशखिंडीतली मुख्य इमारत ही मुंबईच्या गव्हर्नराची पावसाळी कोठी. बार्टल फ्रियरच्या काळात तिचे काम सुरू झाले. तिथे निमंत्रणाशिवाय कोण जाणार? 22 जून 1897 च्या रात्री राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी तिथेच होती, आणि ती आटोपून परतणाऱ्या रँडला चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर गाठले. 1949 मध्ये ती कोठी आणि भोवतीची चारशेवर एकर जमीन विद्यापीठाची झाली, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. साहेबाच्या दिवाणखान्यात सातारा-नगरची शेतकऱ्यांची पोरे जाऊ लागली. त्या वारशाला काटेरी तार शोभत नाही.

त्याच आवारात ओसरी कशी बांधावी याचा धडाही आहे. जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका, तिची वास्तू चार्ल्स कोरिया यांची, 28 डिसेंबर 1992 ला सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचे कुंड, अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे, फूकोचा लंबक. संशोधनाची संस्था, तीही अत्यंत किचकट गणिताची. तिला बाहेरच्यांची कटकट नको असती तर कोणी दोष दिला नसता. पण नारळीकरांनी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने सुरू केली, विज्ञान दिनाला दारे उघडली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ‘पुलस्त्य’ नावाची इमारत झाली, तीत मुक्तांगण विज्ञान शोधिका आली, आणि अरविंद गुप्तांनी तिथे काडेपेट्या, सायकलच्या ट्यूब आणि स्ट्रॉ यांतून विज्ञान शिकवले. आयुकेचे संशोधन यामुळे खालावले असे आजवर कोणी म्हटलेले नाही. तिथेही कुलपे आहेत, प्रश्न विचारणारे पहारेकरी आहेत. पण बाहेरच्या पोराने आत यावे हे संस्थेच्या कामातच धरलेले आहे, सवलत म्हणून नव्हे. मोकळेपणाचे आणखी एक अंग बाबासाहेबांनी दाखवले. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे कचेरीत आणि गिरणीत जाणाऱ्याला शिकून कामावर जाता यावे. दार उघडे असून वेळ चुकीची असेल तर तेही बंदच.

जागा अपुरी पडते हा दुसरा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो खरा आहे. उत्तरही साधे आहे: टंचाई असेल तिथे वेळ वाटून द्या. परीक्षेच्या महिन्यांत अभ्यासिका विद्यार्थ्यांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत, रविवारी, रोज संध्याकाळी ज्या खुर्च्या रिकाम्या असतात त्या तालुक्यातल्या माणसाला आधार कार्ड दाखवून, थोडी अनामत घेऊन द्या. पुस्तक घरी नको, तिथे बसून वाचू द्या. सार्वजनिक व्याख्यानाची सूचना संकुलाच्या आतल्या फलकाबरोबर पौडच्या एसटी स्टँडवर आणि ग्रामपंचायतीत लावा. व्याख्यान इंग्रजीत असेल तर चार वाक्यांचा मराठी सारांश जोडा. ज्या गावाचे सर्वेक्षण केले, त्या गावात अहवालाची प्रत पोहोचवा आणि चर्चासत्राला गावातली दोन माणसे सन्मानाने बोलवा, प्रवासखर्च देऊन. परगावच्या प्राध्यापकांना देताच ना? आणि त्या वहीत ‘कोणाला भेटायचे’च्या शेजारी ‘काय पाहायचे / ऐकायचे / वाचायचे’ असा एक रकाना आखा. छपाईचा खर्च शून्य. मामांनाही बरे वाटेल. आपल्याच भावकीला परतवण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.

यावर शेवटचा आक्षेप हमखास येतो, आणि तो हसून घेतला जातो: ‘दार उघडले तरी येणार कोण? खेड्यातल्या माणसाला कशाला हवे चर्चासत्र?’ असे म्हणणाऱ्यांनी 28 फेब्रुवारीला नारायणगावजवळच्या खोडदला जावे. तिथे आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटीच्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आहेत, आणि विज्ञान दिनाला तिथे मेळा भरतो. जुन्नर-आंबेगावच्या शाळांतली पोरे, त्यांच्या बाई, पागोटेवाले आजोबा, कडेवर मूल घेतलेल्या आया, सगळे उन्हात रांग धरून असतात. अभियंते घसा बसेपर्यंत मराठीतून समजावत असतात. दूर अंतराळातून येणारे क्षीण संकेत टिपणाऱ्या या यंत्रणेला येणाऱ्याच्या खिशातला मोबाइलसुद्धा बाधतो. ती वर्षातून एकदा एवढी गर्दी सोसते. लवळ्याच्या किंवा गणेशखिंडीच्या सेमिनार हॉलमधल्या खुर्च्यांना नेमके काय बाधते, ते संस्थाचालकांनी एकदा सांगून टाकावे.